किरकोळ जमा

सेलूच्या जुन्या पेठेत
मी टेप धरून उभा राहिलो की
लोक आधी ओट्याकडं बघतात, मग माझ्याकडं.
सव्वातीन फूट. पावणेचार.
उंबऱ्यापाशी लाल ऑइलपेंटची रेघ ओढली
की दुकानदार चहा सांगतो
आणि चहा पिऊन झाल्यावर भांडतो.

बायपास झाला त्या सालापासून
एसटी पेठेला शिवत नाही.
मोंढा हलला, बँक हलली,
बँकेमागं झेरॉक्सवाला हलला.
एकोणीस बंद शटरं मी स्वतः मोजली.
कुलपं दुरुस्त करणारे खय्यूमभाई तेवढे जागेवर :
'किल्ली बनवून देतो साहेब,
दार उघडनारा मानूस कुठून बनवू?'

योजना अशी होती :
साठ टक्के सरकार, पंधरा नगरपरिषद,
उरलेले पेठेनं घालायचे.
पेठ म्हणजे कोण, ते कागदावर नव्हतं.

जिनिंगवाल्या झंवरांनी वीस लाख दिले,
घड्याळावर वडलांचं नाव टाकायच्या बोलीवर.
बिडवेताईंनी माडीवर सहा शिलाई मशिनी मांडायला
कर्ज काढलं, आणि व्याजाचा दर
पाढा म्हणावा तसा मला म्हणून दाखवला.
सराफ दोन बैठकांना आले, तिसरीला नाही.
भांडेवाल्या कासारांनी सगळ्यांदेखत विचारलं,
'गिऱ्हाईक फरशी बघून येतं का भाव बघून?'
सभागृहात फक्त पंखा बोलत राहिला.

दहाव्या दिवशी
जेसीबीच्या दाताला दगड लागला.
निजामाच्या राज्यातली गटार,
काळ्या पाषाणाची, चुन्यात बसवलेली,
आमच्या एकाही नकाशात नाही,
आणि तिच्यातून पाणी निवांत चाललेलं.
ठेकेदार म्हणाला, बुजवू, बिल सोपं होतं.
सव्वीस वर्षांच्या नोकरीत
मी पहिल्यांदा शेऱ्यात 'नाही' लिहिलं,
तेही पेन्सिलीनं.
घरी जाऊन जेवलो.
परत येऊन पेननं गिरवलं.

कौसाबाई खिल्लारे
बोरं, कवठं, गाभुळलेली चिंच विकते.
ज्या ओट्याच्या कोपऱ्यावर बसायची
तो कोपरा माझ्या रेघेत गेला.
ती ऑफिसात आली,
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत नाणी, चुरगळलेल्या नोटा.
'समदे पैसे घालायले म्हनं. माजाबी हिस्सा घ्या.'
मावशी, असा घेता येत नाही, दुकानाचा नंबर लागतो.
'नंबर कामून? तीस साल झाले, मी हितंच बसायले.'

पावतीपुस्तक चाळलं.
घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं, दंड.
सगळ्यात खाली, कुणी सहसा भरत नाही तो रकाना :
किरकोळ जमा.
लिहिलं, रुपये तीनशे चाळीस फक्त.
शिक्का जरा वाकडा पडला.
तिनं पावती उजेडाला धरून पाहिली,
वाचता येत नसताना, बराच वेळ.

आता पेठेत बाकं आहेत, दिवे आहेत,
एकोणिसातली अकरा शटरं वर गेली आहेत,
गटारीवर जाळी, तिच्यात पोरं कान लावतात.
झंवरांचं घड्याळ चार मिनिटं मागं चालतं,
पण मागंच का होईना, चालतं.
खय्यूमभाईंनी नवं काय केलं असेल तर
दुकानाला रंग दिला, आतल्या बाजूनं.

काल दुपारी शिट्टीवाल्या पोराचा फोन :
'साहेब, एक बाई फरशीवर पाटी मांडून बसली,
उठ म्हनलं तर प्लास्टिक केलेली पावती दाखवायली,
म्हनती ह्या पेठेत तिचा हिस्सा हाय.'
पावतीनं जागा मिळत नाही, हे मला माहीत.
पावती मीच फाडली, हेही माहीत.
म्हणालो, नंबर वाच.
त्यानं वाचला, एकेक आकडा सुटा करून.
पुढं काय सांगायचं ते अजून जुळत होतं,
तेवढ्यात फोनात मागून तिचा आवाज :
'कवठ घेतो का रे लेकरा?
पोटाला चांगलं असतंय.'