घरी कसं यायचं: शब्दमर्यादा दोनशे

सव्वीस वर्षं मी छत्तीस नंबरची बस चालवली
विनिपेगच्या उत्तर टोकापासून नदीपलीकडच्या मॉलपर्यंत,
उणे पस्तिसात, इंजिन कुरकुरलं तरी.
आता बावन्नाव्या वर्षी विद्यापीठात,
पहिल्या वर्षाच्या बाकावर: लेखन आणि सर्जनशील संवाद.
गुडघे बाकाखाली मावत नाहीत.
शेजारचा रेनाल्डो, वय एकोणीस,
पहिल्या दिवशी मला सर म्हणाला
आणि विचारलं, हजेरी तुम्हीच घेणार का?

सोलांज फ्रेशेट बाई शिकवतात.
हिरव्या शाईचं पेन. लाल शाई म्हणे थंडीत गोठते.
खोटं आहे, पण कुणी हसलं नाही;
सगळे अजून चष्म्यावरची वाफ पुसत होते.
विशेषणं त्या अशी काढतात
जसे माशातले काटे: बोटांनी, न बघता.
आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एकच प्रश्न:
कुणासाठी?

ऑक्टोबरचा स्वाध्याय होता:
अनोळखी माणसाला तुमच्या घरी कसं यायचं ते सांगा.

मनात म्हटलं, हा तर आपल्या हातचा मळ.
थांबे, वळणं, कुठला सिग्नल रेंगाळतो,
कुठल्या कोपऱ्यावर युक्रेनी बेकरीचा वास
तिकीट न काढता आत शिरतो.
एकशे अठ्ठ्याण्णव शब्द.
दोन वाचवले, सुट्टे असावेत म्हणून.

कागद परत आला. बी मायनस.
"वाट चोख. पण दार कोण उघडतं?"

खरं सांगायचं तर कुणीच नाही.
ओक्साना गेल्यापासून
(मेली नाही, गेली, ब्रँडनला, बहिणीकडे)
दार मीच उघडतो, बाहेरून.
हे कुठल्या थांब्यावर उतरवायचं?

मग डेल्फिन स्पेन्स वाचायला उभी राहिली.
उत्तरेकडची, क्री. सहा आठवड्यांत तिनं फक्त
खिडकी लावू का, एवढंच विचारलं होतं.
किराण्याची यादी वाचावी तशा आवाजात:

"धक्क्यावरून होडी घे.
एकटा स्प्रूस दिसेल, तो डाव्या हाताला ठेव.
मामाचं कुत्रं जिथे भुंकायचं तिथे वेग कमी कर.
चर्चच्या पायऱ्या ओलांड.
शाळा ओलांड.
आता इंजिन बंद कर.
खाली बघ.
चूल उजवीकडे आहे."

धरणाचं पाणी. तिच्या जन्माआधीचं.
हीटर तेवढा टकटकत राहिला.
बाईंनी पेनाला टोपण लावलं.
मी सव्वीस वर्षांत एकदाही
कुणाला खाली बघ म्हटलं नव्हतं,
पायरीवर बर्फ असला तर सोडून.

कुणासाठी लिहिलंस, रेनाल्डोनं विचारलं.
बाईंचा प्रश्न, त्याच्या तोंडून भलताच हळू आला.

"आत्यासाठी. ती हल्ली विसरते.
संध्याकाळ झाली की कोट चढवून दाराशी बसते,
घरी जायचंय म्हणते.
मी वाचून दाखवते.
पोचली की झोपते."

परतताना थांब्यावर एका पोरानं रस्ता विचारला.
हातात बॅग, कानटोपी नाही, नवखाच.
तीन थांबे, डावीकडे, मग पूल:
सगळं जिभेवर तयार होतं.
तरी आधी विचारलं, कुणाकडे जायचंय?
तो दचकला. ओळखपत्र मागितल्यासारखा बघत राहिला.
तेवढ्यात बस आली, माझीच जुनी,
आणि उत्तर न देताच तो चढला.
असंही होतं.

पुनर्लेखन शुक्रवारपर्यंत द्यायचंय.
स्वयंपाकघरात बसलोय, बिटाचं सूप निवतंय.
पहिलं वाक्य झालं:
जिन्यातला दिवा रात्रभर चालू असतो, ओक्साना.

शिल्लक एकशे चौऱ्याण्णव.
पण स्वाध्याय तर अनोळखी माणसासाठी होता.
ती चालेल का,
बाईंना विचारून घ्यायला हवं.