शुद्धिपत्र

फॉर्म म्हणाला : चुकीचं कारण निवडा.
टंकदोष. छपाईतली गफलत. संपर्क तुटला.
मी यादी खालीवर केली दोनदा.
भित्रेपणा
त्यात नव्हता.

मे महिना. कूलरचा वाळा सुकलेला.
पडद्यावर एकोणीस वर्षांपूर्वीचा पेपर :
सिकलसेल, गडचिरोली, सहाशे बारा नमुने.
पाच नावं. पहिलं माझं.
दुसरं विभागप्रमुखांच्या जावयाचं,
ज्याने कुरखेड्याची एस.टी. कधी पाहिली नाही.

पंचशीला गजभिये पकडायची ती,
पहाटे, गणेशपेठच्या स्टँडवरून.
परतताना मांडीवर बर्फाचा थर्मास
तान्ह्या पोरासारखा धरलेला.
मग लॅबमध्ये उभ्या उभ्या डबा,
आणि एका रात्री, डोळे चोळत,
"सर, ह्या सतरा पट्ट्या वेगळ्या दिसून राह्यल्या."

त्या सतरा पट्ट्यांवर
माझी बढती झाली.

तिच्यासाठी शेवटी बारीक अक्षरात
'तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार'.
नाव नाहीच. नुसतं अनेकवचन.

संपादकांना अकरा पत्रं गेली.
जावई न्यूझीलंडहून म्हणाला, आता कशाला उकरता?
संपादक म्हणाले, त्यांचा ई-मेल द्या.
इंदोऱ्याला गेलो. तिने नातीचा दिला.
संमतीपत्र घेतलं, चष्मा पुसला,
आणि अख्खं वाचलं, ओळीवर बोट ठेवून,
नमुन्यांवरची लेबलं वाचायची तसं.
रागावेल असं वाटलं होतं मला. थोडं हवंही होतं.
ती म्हणाली,
"स्पेलिंग बराबर टाका म्हणा.
पगारपत्रकात बारा वर्षं गजभे होतं."

काल आलं. साडेतीन ओळी.
स्पेलिंग बरोबर.
पाचाची सहा नावं झाली, तिचं सहावं.
क्रम बदलायला सगळ्यांच्या सह्या लागतात.
जावयाने नावाला दिली,
क्रमाला नाही.

आणि शंभरावर लेखांत अजून
मीच आहे, 'आणि इतर'.

आज मेडिकलच्या ग्रंथालयात गेलो.
बांधीव खंड, वरच्या फळीवर. पान दोनशे चौदा.
कडा पिवळ्या, मध्ये कुणाचं तरी बसचं तिकीट.
खिशातून पेन्सिल काढली
तर उके बाई टेबलावरूनच म्हणाल्या,
"सर, पुस्तकात लिहिता येत नाही."
"माहीत आहे," म्हटलं,
आणि पान त्यांच्याकडे वळवलं.

त्यांनी वाचलं. माझ्याकडे पाहिलं.
मग बादली उचलून
कूलरमध्ये पाणी टाकायला गेल्या.
बराच वेळ लावला त्यांनी.