चोवीस नंबरचं पाकीट

पाकिटं तेवीसच यायची होती.
काटोलकडची सहा, उमरेडची चार,
बाकीची कुठून कुठून,
आणि दोन इतवारीतल्या एकाच दुकानातून.
दुकानदारानं एकाला गुजराती म्हटलं, एकाला गावरान,
भाव तेवढा वेगळा लावला.

चोविसावं मी आणलं घरून,
पाचपावलीतून, स्कूटीच्या डिक्कीत,
आईच्या डब्यातला मूठभर ओवा.
जमा-वहीत देणाऱ्याचं आडनाव लिहिलं: निनावे.
उसेंडी बाबूंनी ते वाचलं, पेन थांबवलं,
आणि समजुतीनं दुरुस्त केलं: निनावी.
मीही काही बोलले नाही.

रोपं पंधरा दिवसांची झाली तशी
पानं ठेचली, गाळली, बर्फात ठेवली.
सगळ्या खोलीला ओव्याचा वास,
जणू आत कुणी बाळंतीण निजली आहे.
थेंबाथेंबानं जेलच्या खाचा भरल्या
आणि वीज सोडली.
वीज सोडली की तुकडे चालू लागतात,
लहान पुढे, थोर मागे,
कुणी कुणासाठी थांबत नाही.

दीड तासानं दिव्यावर धरलं
तर समोर माग.
बाबांचा, तांडापेठेतला,
मी सात वर्षांची असताना भंगारात गेला तो.
उभा ताणा, आडवा बाणा, रेघा चमकत्या.
बाबा नुसत्या किनारीवरून सांगायचे
लुगडं कुणाच्या हातचं.
नाव विचारावं लागत नसे.

तर किनारी वाचल्या मी.
गुजराती आणि गावरान: एकच. रेघेला रेघ.
आता दुकानदाराला कळवणार कोण.
काटोलची सहाही एकमेकांची चुलत भावंडं.
उमरेडचं एक पाकीट मात्र आतल्या आत भांडत होतं,
दहा रोपं, दहा तऱ्हा,
कारण ओव्याचं लग्न मधमाशी लावते
आणि ती पत्रिका बघत नाही,
बांध कुणाचा तेही नाही.

संगणकानं काढलेल्या झाडाला
तेवीस जण एका अंगाला दाटीवाटीनं लटकलेले.
आणि पार बुंध्याशी फुटलेल्या फांदीवर, एकटा,
चोवीस.

मॅडम म्हणाल्या, चूक असेल, परत लाव.
परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.
मग त्या खुर्ची ओढून बसल्या.
कुठला गं हा?

आई मोरीमागच्या फुटक्या टाकीत राख पसरत होती.
“थो? तू झाली तवा गजराबाईनं देल्ला होता, धुरीले.
उरला थो फेकला इथंच. तवापासून हायेच.”
गजराबाई कुठली?
“आली होती कुठून तरी. गेली मंग.”
आई, तो सगळ्यांपेक्षा वेगळा आहे.
“वेगळा म्हंजे?
पोट दुखलं का थांबवते ना?”
मग हात झटकत, “उरला असन तर परत आणजो.
पोळा झाला का पेरा लागते.”

मूळ ठिकाणाच्या रकान्यात मी लिहिलं:
पाचपावली, टाकी.
बाबूंनी टाकी खोडली.

उणे वीसच्या कपाटात आता अर्धा आहे,
त्यांच्याच अक्षरात, निनावी.
अर्धा ओढणीच्या टोकाला बांधून निघाले.
गोळीबार चौकाच्या सिग्नलला गाठ सैल केली,
दोन दाणे जिभेवर ठेवले.
जहाल. डोळे भरून आले.
हिरवा लागला होता बहुतेक,
मागचा ऑटोवाला काहीतरी ओरडत होता.