दांडिया बाजार, मॅनहोल सतरा

सकाळी साडेसहाला झाकण उघडलं.
आधी वास वर आला, मग वाफ, मग झुरळं.
रतिलाल सोळंकीनं पहार रस्त्यावर दोनदा आपटली,
कान लावला, डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून ऐकतात तसा.
"साहेब, पोलुं बोले छे."
पोलुं म्हणजे पोकळ.
आमच्या बडोद्यात दोन्ही शब्द एकाच नळातून वाहतात.

आता माणूस उतरत नाही, चाकांचा कॅमेरा उतरतो.
रतिलालचा थोरला भाऊ उतरायचा.
त्याला फोडणीचा वास येत नाही, वीस वर्षं झाली.

पडद्यावर गायकवाडी खापरी नळ.
झिलई शाबूत, सांध्यात लिंबाची मुळं,
अडकलेली एक चहाची गाळणी.
हेतवी पांचाळ, नवी इंजिनियर, म्हणाली,
हा तर आपल्या सगळ्यांहून धडधाकट.
पुढे बासष्टाव्या मीटरला सिमेंट सुरू झालं
आणि छताच्या जागी नुसत्या सळया,
त्यांच्या मागे काळी माती
पडू की नको अशी थांबलेली.

"हा तुकडा कोणी टाकला, सर?"

फरसाणवाला विचारत होता, खोदणार कधी,
नवरात्र तोंडावर आलंय.
पहिल्या मजल्यावरून वसुधाताई टिपणीस सांगत होत्या,
मोरीतलं पाणी उलटं येतं हो,
आम्ही बारानंतरच कपडे धुतो.
मी दोघांनाही मान हलवली. तीच मान.

एक्याण्णव साली मी सव्वीस महिन्यांचा नोकर होतो.
कंत्राटदारानं नळ उतरवले. पट्टी लावली.
जाडी बोटभर कमी.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी ट्रककडे,
आणि म्हणालो, चालेल.

चाललं की.
तेहतीस वर्षं चाललं.

फायलीत तीन रकाने आहेत.
सगळा नळ बदलणे: एक कोटी ऐंशी लाख, रस्ता चार महिने बंद.
आतून अस्तर: साठ लाख, तीन आठवडे.
काहीच न करणे: शून्य.
या शेवटच्या रकान्याखाली
कधीच कोणी सही मागत नाही.

मार्चमध्ये मी निवृत्त होतोय.
माती तोवर थांबेलही.
गटारीच्या नळाला फीत नसते, कोनशिला नसते,
खचला तरच त्याचा फोटो येतो,
आणि फोटोत तेव्हा हेतवी असेल.

दुपारी टिपण लिहिलं.
खापरी नळ राहू द्यावा, सांधे भरावेत.
बासष्ट ते एकशे चार मीटर बदलावा, नवरात्रीआधी.
कारणाला जागा एका ओळीची.
लिहिलं: मूळ नळाची जाडी कमी.
पेन उचललं,
पुन्हा टेकवलं:
माझ्या माहितीत.

बाहेर रतिलाल झाकणाच्या कडेची माती
झाडूनं काढत होता, नीट बसावं म्हणून.
वर कुणीतरी बादली ओतली.
आम्ही दोघंही थांबलो,
पाणी पायाखालून जाईपर्यंत.