रजिस्टरमधली बारावी ओळ

सोमवारी रात्री मी ती बंद केली होती.
डिसेबल. हाताने, नाव दोनदा वाचून,
यादीत खाली-वर जाऊन, खात्री करून.
प्रिंट स्पूलर. या मशीनला प्रिंटर नाही,
कधी नव्हता.
इतवारीतल्या पतसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर
सहा हजार खातेदारांचं पै-पै
एका काळ्या डब्यात घुमत असतं,
त्या डब्याला काही छापायचंच नसतं.
तरी छपाईचं दार उघडं.
दार ते दार. चोर काय पाटी वाचून येतो?

बुधवारी पहाटे अपडेट आलं.
सकाळी बघते तर 'ऑटोमॅटिक'. 'चालू आहे'.
जसं काही मी बोललेच नव्हते.

कुणी केलं म्हणून लॉग उघडला.
नाव: सिस्टिम.
वेळ: तीन वाजून अकरा मिनिटं.
कारणाचा रकाना कोरा.

खाली येऊन इस्तारीभाऊला विचारलं,
रात्री कोणी वर आलं होतं का?
"कोनी नाही जी मॅडम. मी तं जागाच होतो.
कूलरची मोटर बसली, झोप कुठची!"
मी एक क्षण त्याच्याकडे संशयाने पाहिलं,
शेहेचाळीस डिग्रीत रात्र काढलेल्या माणसाकडे.
त्याने ते पाहिलं. बिडी विझवली.
याची लॉगमध्ये नोंद नाही.

कंपनीला फोन लावला. पुण्याचा पोरगा, आवाज गोड.
"मॅम, अपडेट सगळं डिफॉल्टला आणतं. ते तसंच आहे."
डिफॉल्ट म्हणजे कुणाची मर्जी, मी म्हटलं.
तो म्हणाला, तिकीट काढतो.
मला विचारायचं होतं, काहून रे बाबू,
माझं 'नाही' तुमच्या कोणत्या रकान्यात बसतं?
तोवर बासरी वाजायला लागली होती, होल्डची.

दुपारी कपाटातून रजिस्टर काढलं,
हेडाऊ साहेबांचं, लाल कापडी पाठीचं.
पानांना अजून त्यांच्या खर्र्याचा वास.
रिटायर होताना मला म्हणाले होते,
"पासवर्ड लिफाफ्यात आहे. बाकी सगळं मशीनच करते."

१४ ऑगस्ट. स्पूलर बंद केले. गु. हेडाऊ.
११ सप्टेंबर. स्पूलर पुन्हा बंद केले. गु. हेडाऊ.
१३ नोव्हेंबर. पुन्हा.
१५ जानेवारी. पुन्हा. खाली दोन रेघा.
मार्चमध्ये एका शब्दावर व्हाइटनर,
खिडकीच्या उन्हाला धरलं की वाचता येतो.
इथे लिहिणार नाही.
पण सही मात्र तशीच, गोलाईदार, पूर्ण.

अकरा नोंदी.
महिन्यातून एका बुधवारी ते उशिरा थांबायचे.
चार वर्षं मी शेजारच्या टेबलावर होते.
आम्हाला वाटायचं, घरी जमत नसेल.

मी सर्व्हिस थांबवली. डिसेबल केली.
एक छोटी स्क्रिप्टही लिहिली:
रोज पहाटे चारला बघ, उठली असेल तर बसव.
मग लक्षात आलं, स्क्रिप्टलाही कुणी
एका रात्री विचारू शकतं, तू कोण?

पेन काढलं. अकराव्या ओळीखाली तारीख टाकली.
'पुन्हा' लिहावं की नाही, कळेना.
मी तर पहिल्यांदाच केलं होतं.
लिहिलं.

संध्याकाळी गांधीबागेतून पंप आणला,
एकशे ऐंशीचा, दोन महिने टिकला तर नशीब.
इस्तारीभाऊने स्वतः बसवला, मला हात लावू दिला नाही.
पाणी चढलं, ताट्या भिजल्या, वाळ्याचा वास आला.
त्याने बटन दाबून पाहिलं. चालू. बंद.
थोडं थांबून पुन्हा चालू, पुन्हा बंद.
"पाहा जी," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता,
"बंद केला का बंद."