पायाचा कान

बावीस वर्षं झाली साखरेला घरात येऊन,
पण ती पायांपर्यंत पोचल्याचं
मला कळलं ते मोज्यावरून.
तांबट लेनमधलं दुकान वाढवलं, बूट काढला, मोजा लाल.
आत पत्र्याची कातरण, नखाएवढी,
सकाळी नऊपासून माझ्यासोबत चालत होती.
भद्रकालीला जाऊन आलो, बँकेत रांगेत उभा राहिलो,
घंगाळाच्या वजनावरून एका गिऱ्हाइकाशी भांडलोसुद्धा.
पायानं चकार शब्द काढला नाही.

शालिनी म्हणाली, दुखलं नाही?
नाही ना, मी म्हणालो,
आणि हे सांगताना मला जरा शौर्यच वाटलं.
ती घाबरली. तिला बरोबर कळलं होतं.

ज्या पायांनी चाळीस वर्षं हंडा फिरवला,
अंगठा काठाला, टाच बुडाला,
हातानं ठोकायचं, पायानं ऐकायचं,
पत्रा कुठे जाड, कुठे पातळ
हे डोळ्याआधी तळव्याला समजायचं,
त्यातल्याच एका अंगठ्यावर
व्यायाम शिकवणाऱ्या घोलप मॅडमनी
वाजता नादकाटा टेकवला.
"थरथर लागते?"
मी कानानं ऐकत होतो. सूर बारीक, लांब, चोख.
इतक्या चांगल्या धातूचा नाद
माझ्या हाडात उतरत नव्हता.
"लागते," म्हणालो.
त्यांनी काटा मुठीत दाबला, पुन्हा टेकवला.
"आता?"
"लागते की."
मुका काटा होता तो.

रागावल्या नाहीत.
मग मीच विचारलं माझ्या भाषेत,
आतली कल्हई उडाली का?
उघड्या तांब्यात ताक ठेवलं की कळकतं, तसं?
तसंच काहीसं, म्हणाल्या.
पुन्हा लागेल?
वचन देत नाही. चालाल, साखर आवराल,
तर उरलीय ती टिकेल.
कुणाकुणाला थोडं परतही येतं.
"कुणाकुणाला" हा शब्द
मी खिशात घालून जिना उतरलो.

तेव्हापासून पहाटे गोल्फ क्लबचं मैदान.
आधी दोन फेऱ्या, आता पाच.
बूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा,
आत हात फिरवायचा,
चिकट गिऱ्हाईक भांड्यात फिरवतं तसा.
घरी ओट्याला धरून टाचा वर, टाचा खाली.
जमिनीवर पंचा टाकून पायाच्या बोटांनी ओढायचा.
एका पायावर उभं राहायचं: शालिनी मोजते,
सातावर मी कलतो, ती दहा म्हणून टाकते.
झोपताना तळव्याखाली आरसा.
अनवाणी कुठेच नाही, गंगेवरही नाही;
चुलत्यांच्या दहाव्याला रामकुंडावर
पायात चप्पल ठेवली, भाऊबंद कुजबुजले.
कुजबुजू देत. त्यांचे पाय त्यांना ओरडून सांगतात,
माझ्या पायांसाठी मला ओरडावं लागतं.

आठ महिन्यांनी परवा पुन्हा काटा.
मी डोळे मिटले आणि कानांत बोटं घातली,
खोटं बोलायला जागाच नको.
डाव्या अंगठ्यात काहीतरी…
मुंग्या? नाही, मुंग्या माझ्या ओळखीच्या आहेत.
चार दुकानं सोडून
कुणीतरी मठारतंय, असं.
एक, दोन, तीन, चार. गेलं.
"थांबलं," मी म्हणालो.
काटा मॅडमच्या हातात अजून वाजत होता,
तरी त्यांनी लिहून घेतलं: डावा, चार.
उजवा?
उजवा काही बोलला नाही.

आता रोज रात्री कुलूप लावण्याआधी
नव्या हंड्याला एक हलका ठोका देतो,
गादीवर बसून अंगठा काठाला लावतो.
डावा सांगतो, आला, आहे, गेला.
उजव्याला मी घाई करत नाही.
तो ऐकतोय अजून.