तेरा अंश

कवितांमधले प्रेमिक फार धीट असतात.
फटीतून आत येणाऱ्या सूर्याला
अंथरुणातूनच हटकतात:
जा, दुसरीकडे जाऊन उजाड.
आणि तो म्हणे ओशाळतो,
निदान ओळ संपेपर्यंत तरी.

हे मी फैजपूरच्या कॉलेजात एकवीस वर्षं शिकवलं,
खिडक्यांना ओली गोणपाटं लावून.
एकदा मागच्या बाकावरून लीलाधर बोलला,
हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग:
"मॅडम, त्यायचा सूर्य थंड मुलखातला असीन.
इथी बोलून पाह्य म्हना त्याले, मे महिन्यात."
वर्ग हसला. मीही हसले.
म्हटलं, पेपरात मात्र 'सूर्य ऐकतो' असंच लिहा,
पाच मार्क आहेत.
फळा पुसताना हसू टिकलं नाही.

कारण मला आठवलं सावद्याचं ते चेंबर,
बाहेर सेहेचाळीस, आत अठरा.
तिथं दिवस-रात्र एक काटा ठरवायचा
आणि काटा तुझ्या हातात.
क्रेटवर क्रेट, हिरव्या फण्या, कॉम्प्रेसरची घरघर.
भावाचा स्वेटर पिशवीत, पुस्तकांखाली लपवून
मी यायची.
अख्ख्या तालुक्यात मे महिन्यात स्वेटर घातलेली
बहुधा मी एकटीच.

तू म्हणालास, चार दिवसांत पिवळं होतं बघ.
आणि थांबवायचं असेल तर?
तेरावर ठेवायचं.
तेरावर केळं झोपतं.
त्याहून खाली नेलं तर काळं पडतं.

मग ठेव ना तेरावर, मी म्हणाले.
आणि तू ठेवलंस.

कवितेत इथं पान संपतं.
दारात उभी दिल्लीची गाडी कुणी लिहीत नाही,
माल हिरवागार,
शेटजींच्या शिव्या, खोळंबलेले हमाल,
त्यातल्या एकाच्या मुलीचा त्या दिवशी साखरपुडा,
तुझा आठ दिवसांचा कापलेला पगार.
आणि दार उघडलं तर
समोर सूर्य, कुठंही न गेलेला,
वसुलीला आल्यासारखा उंबऱ्यात.

तरी एक दिवस आपण मिळवला होता.
कॅलेंडरात तो सापडत नाही.
मी शोधलाय.

आज दुपारची लाइट गेलीय.
तू बाजेवर घोरतोयस, तोंड उघडं टाकून.
तुझे केस पिकलेत सगळे,
कितव्या अंशावर, ते मी पाहिलं नाही.
चादर भिजवून खिडकीला टांगते,
ती वाळते,
पुन्हा भिजवते.
कडेने ऊन आत बोट घालतं, तिथं उशी लावते.

जागा झालास की विचारशील, किती वाजले.
सांगणार नाही.